काळ्या गाडीला पॉलिश

काळी गाडी घेऊ नको, असं हर्षलला तीन जणांनी सांगितलं होतं. तिघांचंही न ऐकता त्याने काळीच घेतली. सेकंडहँड होती, पण अंगावर एक ओरखडा नव्हता. भोपाळमधल्या साकेत नगरच्या गल्लीत ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा येणारे-जाणारे तिच्या दारात बघून भांग सारखा करत होते. ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

यंदा जानेवारीतल्या एका दुपारी हर्षल ड्यूटी संपवून हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आला. तो तिथे एक्स-रे टेक्निशियन आहे. त्याच्याबरोबर त्याच खात्यातला समीर होता, आणि या समीरला गाड्यांचं भारी वेड. ऊन नेमकं बॉनेटवर पडलं होतं. समीर वाकला, डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं, आणि म्हणाला, "हर्षल, गाडीला भांड्यांची घासणी लावतोस का रे?"

हर्षलने पाहिलं. बॉनेटभर बारीक बारीक गोल रेघा होत्या, कोळ्याचं जाळं पसरावं तशा. सावलीत कधी दिसल्या नव्हत्या.

"कोरडा कपडा मारता ना रोज?" समीर म्हणाला. "ही मेट्रोच्या खोदकामाची धूळ म्हणजे वाळूच आहे. तीच दाबून दाबून फिरवता गाडीभर. मारतं कोण?"

कोण मारतं ते हर्षलला चांगलंच माहीत होतं.

हर्षलचे वडील मधुकरराव सरकारी ड्रायव्हर. चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयात शिपाई होते. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी बदलली, खातं भोपाळला आलं आणि खात्याच्या फायलींबरोबर हे कुटुंबही आलं. मधुकररावांनी तेहतीस वर्षं सरकारी मोटार गॅरेजमध्ये काढली. तुलसी नगरच्या क्वार्टरमधून पहाटे निघायचं आणि साहेब बंगल्याच्या पायऱ्या उतरायच्या आत पांढऱ्या अँबेसेडरवर पिवळा कपडा मारून ठेवायचा. बॉनेटवर तीन गोल, मग एक सरळ हात. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण कपडा मारला नाही असा एक दिवस गेला नाही. ड्रायव्हरची इज्जत गाडीच्या अंगावर दिसते, असं ते म्हणत.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि ते मुलाकडे राहायला आले. दोन वर्षांपूर्वी हर्षलची आई, अलका, गेली. त्यानंतर मधुकररावांचं बोलणंच आटलं. सकाळी उठून कुणासाठी उठायचं, असा त्यांचा चेहरा असायचा. तेवढ्यात ही काळी गाडी घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बाबा पिवळा कपडा घेऊन बाहेर उभे. तेव्हापासून जेवण बरं जायला लागलं, शेजाऱ्यांशी भांडणंही सुरू झाली. घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

"सांगून टाक त्यांना," बायको अमृता म्हणाली. "समजूतदार आहेत."

"समजूतदार आहेत म्हणूनच थांबतील. मग सकाळी सहा वाजता करतील काय?"

तेव्हा हर्षलने शिकल्यासवरल्या भित्र्या माणसाने करावं तेच केलं. खरं बोलायचं टाळून त्याने मशीन शोधायला घेतलं. घरीच पॉलिश करायची, गुपचूप रेघा घालवायच्या, आणि बाबांना त्यांचा कपडा मारू द्यायचा. समीरने सावध केलं होतं: रंगावरचा पारदर्शक थर वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ असतो, आणि दर पॉलिशला त्यातला थोडा थोडा जातो. एकीकडे कपडा आणि दुसरीकडे मशीन चालू राहिलं तर किती वर्षं पुरेल? हा हिशोब हर्षलने मांडलाच नाही.

पुढचा महिनाभर तो मोबाइलवर पॉलिशचे व्हिडिओ बघत होता. त्याला कळलं ते एवढंच, की मशिनं दोन जातींची. एक रोटरी, म्हणजे चकती नुसती एका जागी गरगर फिरते. कापते झटपट, पण तापते. हात जरा रेंगाळला की कडेचा रंग जळतो. दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन. त्यात चकती फिरते आणि फिरता फिरता थरथरतेही. काम सावकाश, पण रंगाला धोका कमी. हर्षलला रोटरीच हवं होतं. एका रविवारी काम खलास.

हे सगळं बाबांपासून लपणार थोडंच? व्हिडिओत रेघा घालवताना पाहून त्यांनी विचारलं, "आपल्या गाडीवर ओरखडे कसले आहेत?"

"आधीच्या मालकाचे, बाबा. आता वर येताहेत."

बाबांनी ते खरं मानलं. मुलाचं खरं मानायची त्यांना सवय होती. तेव्हापासून ते रोज सकाळी कपडा मारता मारता त्या अनोळखी मालकाचा उद्धार करायचे, आणि बिचाऱ्या गाडीची दया येऊन संध्याकाळीही एकदा कपडा मारू लागले. हर्षल खिडकीतून बघायचा आणि मान आत घ्यायचा.

एप्रिलच्या एका रविवारी तो मशीन आणायला निघाला, तर बाबा बूट घालून तयार. "मी येतो. तुला एकट्याला दुकानदार टोपी घालीन."

हमीदिया रोडच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार म्हातारा, बोलका, आणि गिऱ्हाईक दिसलं की शिकवायला उत्सुक. काउंटरवर त्याने एका जुन्या गाडीचं काळं दार आडवं ठेवलं होतं. वर लख्ख दिवा. हर्षलने रोटरी मागितलं, पण म्हाताऱ्याला आधी धडा द्यायचा होता.

"पहले बीमारी समझिए, बाबूजी, फिर दवा लीजिए," तो बाबांना म्हणाला. त्याने दारावर कोरडा कपडा चारदा फिरवला आणि दिवा खाली ओढला. तीच गोल जाळी. "ये देखिए. लोग कहते हैं पुराने मालिक ने किया. अरे, घरवाले करते हैं. रोज़ सुबह प्यार से सूखा कपड़ा मारते हैं."

बाबा दाराकडे बघत होते.

"रोज़?" त्यांनी विचारलं.

"रोज़."

बाबांनी त्याच्या हातून कपडा घेतला. दाराचा एक स्वच्छ कोपरा निवडला. तीन गोल, मग एक सरळ हात. मग वाकून दिव्याखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सफ़ेद गाड़ी पे भी होता है?"

"होता तो उस पे भी है. बस, दिखता नहीं."

बाबांनी कपड्याची घडी घातली, काउंटरवर ठेवली आणि ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. हर्षलने मशीन घेतलं नाही. परतीच्या वाटेवर बाबांनी त्याला एरवीसारखं एकदाही गिअर बदलायला सांगितलं नाही, त्यावरून काय ते त्याने ओळखलं.

घरी पोचले तेव्हा भर दुपार होती. बाबा आत न जाता ओट्यावर चढले आणि गाडीच्या टपाकडे बघत राहिले. दहा वर्षं त्यांचा उजवा खांदा धरलेला आहे, हात फार लांब जात नाही. टपावर कडेने सगळीकडे जाळी होती. मधोमध, जिथे त्यांचा हात पोचत नव्हता, तेवढा पट्टा नव्यासारखा काळाभोर चमकत होता.

त्यांनी पिवळा कपडा साबणाने धुतला आणि दोरीवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही.

गाडीवर धूळ चढत गेली. गल्लीतल्या कुणीतरी मागच्या काचेवर बोटाने 'मला धुवा' असं हिंदीत लिहिलं. एरवी बाबांनी त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ते खुर्चीत पेपर धरून बसायचे आणि तासाभराने अमृता बघायची तर पान तेच. चहा दोनदा गरम करून द्यावा लागायचा. अलका गेली तेव्हा बसायचे तसेच बसत होते, आणि हर्षलला ते बघवेना. गाडी गेली खड्ड्यात, माणूस परत हवा, असं त्याला वाटत होतं. पण ते जाऊन सांगायचं कसं?

गुरुवारी तो एकटाच दुकानात गेला आणि पुन्हा रोटरीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने सवयीने विचारलं, "चलाएगा कौन?"

'मी' म्हणायला हर्षलने तोंड उघडलं, आणि म्हणाला भलतंच. "पिताजी. चौहत्तर के हैं. हाथ थोड़ा काँपता है."

म्हाताऱ्याने एक शब्द न बोलता रोटरी उचलून मागे ठेवलं आणि दुसरं, लहान मशीन पुढे सरकवलं. "ये लीजिए. इसमें मशीन ख़ुद काँपती है. हाथ काँपे तो काँपे." मग त्याने दाबून दाखवलं: जोर जास्त झाला की चकती आपली आपण मंदावते, रंग सहसा जळत नाही. मऊ स्पंज लावला तर थर अगदी नावापुरता जातो. एकच खोट, वेळ फार लागतो. एक दार म्हणजे एक सकाळ.

हर्षलने विचारलं, "इससे भी धीमी कोई है?"

म्हाताऱ्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. धंद्याच्या एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नसावं.

घरी येऊन हर्षलने खोका बाबांच्या खुर्चीपाशी ठेवला. बाबांनी त्यावरचं चित्र पाहिलं.

"मी नाही हात लावणार," ते म्हणाले. "मीच खराब केली. अन् हीच नाही, तेहतीस वर्षांतल्या सगळ्याच केल्या असतील."

"त्या गाड्या चकचकीत दिसायच्या, बाबा. मी पाहिल्यात."

"दिसायच्या." बाबा म्हणाले. "मला तर दुकानात कळलं. तुला कधी कळलं?"

अजून एक खोटं तयार होतं. हर्षलला त्याचा कंटाळा आला. "जानेवारीत."

"म्हणजे तीन महिने तू मला कपडा मारू दिला."

"हो."

"अन् मी त्या बिचाऱ्या मालकाला शिव्या देऊन राहिलो."

"हो."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. अमृता दारात येऊन उभी होती. बाबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर हर्षलला बरं वाटलं असतं.

"सांगायचं होतं ना, बेटा. गाडीच आहे. त्याच दिवशी थांबलो असतो मी."

"म्हणून तर नाही सांगितलं, बाबा."

बाबांनी वर पाहिलं. हर्षलने नजर वळवली नाही, डोळे भरून आले तरी वळवली नाही. त्या जानेवारीपासून त्याने बापाकडे असं सरळ बघितलंच नव्हतं. मग बाबांनी हात पुढे केला आणि मुलाच्या दंडावर ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनी खोका पायाने स्वतःकडे ओढला आणि वरची चिकटपट्टी सोलायला घेतली.

"दोन बादल्या पाणी काढ," ते म्हणाले. "पहिले धुवायला लागीन. कोरड्यावर मशीन नाही चालवायची."