फळी पडली की

मावशीनं दोरी ओढली, कोंडवाड्याचं फाटक कुरकुरत वर गेलं आणि म्होरक्या ऐटीत बोळात शिरला. म्होरक्या म्हणजे बोकड. बारा वर्षांचा, दाढीवाला, गळ्यात घंटा. त्या घंटेमागं चाळीस मेंढरं निघाली, पुढच्याच्या शेपटाला मागच्याचं नाक लावून, कुठे चाललोय हे न विचारता.

मावशी म्होरक्याच्या बरोबरीनं चालत होती. बोळ जेमतेम दीड माणसाच्या रुंदीचा, वर पत्रा, आत अंधार. मधल्या वळणावर डाव्या हाताला कमरेएवढं एक दार होतं, वरखाली सरकणाऱ्या जाड फळीचं. तिनं फळी उचलली, म्होरक्या सवयीनं आत वळला, मागोमाग ती वाकून शिरली आणि फळी सोडली. धाड. मेंढरं सरळ पुढे गेली.

कत्तलखान्यात त्या आवाजाला मान होता. फळी पडली की आतले कसाई बोलणं थांबवत आणि बोळाच्या तोंडाशी उभे राहत, कारण आता येईल ते पहिलं मेंढरू असे. बारा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. बारा वर्षांत मावशीही वळणाच्या पुढे कधी गेली नव्हती. फळीपलीकडच्या मागच्या अंगणात येऊन ती म्होरक्याला मूठभर धान्य चारी, आणि तो ते शहाण्यासारखा खाई.

आज त्यानं तोंड लावलं न लावलं तोच आतून किंकाळी आली. मेंढराची नव्हती. मावशी अंगणातून बोळात आणि बोळातून कोंडवाड्याशी पळत आली, तेव्हा तिथंच कातडी खारवायला असलेली तिची सून चौक ओलांडून धावताना दिसली. ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त. कोंडवाड्याला लागून पेंढ्याची खोली होती. सून आत घुसली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

पाठोपाठ मावशीचा मुलगा आला. त्याला सगळे एकघाव म्हणत. जनावर त्याच्या हाती दुसऱ्यांदा ओरडत नसे, म्हणून ते नाव. घरी मात्र त्याचं एका घावावर कधीच भागलं नव्हतं. एका हातात धार लावायची सळई, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर दातांच्या खुणा.

"चावली मला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"झालं काय?"

"मिठाच्या ढिगात गाठोडं पुरलं होतं तिनं. दोन कपडे, कंगवा आणि बहिणीचा पत्ता. परत पळणार होती, आई. तोंड आपटलं तिचं टेबलावर."

त्यानं दारावर लाथ घातली. दुसरी घातली. चौकात उभ्या मालकानं ओरडून सांगितलं, "दार मोडायचं नाही. तुमचं घरचं घरात मिटवा." बाकीच्या सगळ्यांना अचानक आपापल्या सुऱ्यांना धार नसल्याचं आठवलं.

एकघावनं आवाज खाली आणला. "आई, तूच आण तिला. तुझ्यामागं येते ती."

हे खरं होतं. पहिल्यांदा सून बहिणीकडे पळाली, तेव्हा आणायला मावशी गेली होती. दुसऱ्यांदा बस स्टँडवर गाठली, तेव्हाही तीच. मी आहे ना, म्हणाली होती. तो मनानं वाईट नाही, म्हणाली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथही घेतली होती. त्या शपथेनंतर तीन आठवड्यांनी सुनेच्या पोटातलं मूल गेलं. जिन्यावरून पडली, असं मावशीनंच दवाखान्यात सांगितलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मावशीलाही तिच्या सासूनं असंच दोनदा परत आणलं होतं, आणि तिचं कुठे काय बिघडलं होतं? डावा कान तेवढा गेला होता.

"इथे चौकात मालक बघतोय," मुलगा म्हणाला. "बोळातून आण. मी आत थांबतो. मला बघितलं तर यायची नाही."

"मारशील?"

"नाही."

तिनं सळईकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं, पण खाली ठेवली नाही. मग तो चौक ओलांडून आत गेला.

मावशी दाराशी बसली.

"अगं, मी आहे. उघड."

आतून कडी हलली, पण निघाली नाही. मग, "तुम्ही परत शपथ घ्याल."

"नाही घेत."

"तो कुठाय?"

खोटं तिच्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांत त्याला जागचं हलायचीही गरज पडली नव्हती. गेला घरी, शांत झालाय, एवढंच तर म्हणायचं होतं. मावशीनं ते गिळलं.

"आत उभाय. बोळाच्या तोंडाशी. हातात सळई आहे."

कडी निघाली. सुनेचा एक डोळा मिटत चालला होता. पुढचा एक दात नव्हता आणि तो तिनं मुठीत धरून ठेवला होता, परत बसवता येईल की काय म्हणून. ते बघून मावशीला रडू फुटलं. ती कुणाच्याही देखत रडणारी बाई नव्हती.

"चल," ती म्हणाली. "माझ्या मागं."

"तिकडं?"

"तिकडंच. मुकाट्यानं."

सून आली. आजही आली, याची मावशीला लाज वाटली. बोळात अंधार होता. दोघींच्या पायांखाली लेंड्या चुरत होत्या. सुनेनं मागून तिच्या ॲप्रनची नाडी धरली होती, बस स्टँडवरून आणताना धरली होती तशी. पुढे बोळाच्या तोंडाशी उजेडाची एक पट्टी दिसत होती आणि तिच्यात अर्धा बूट.

वळणावर मावशी थांबली. कमरेची किल्ली सोडून तिनं सुनेच्या मुठीत कोंबली, दाताशेजारी. आणि कानाशी तोंड नेलं.

"अंगणातलं मागचं दार याच किल्लीचं आहे. म्होरक्याला चरायला नेते ना, ते. पलीकडे रस्ता. फळीला तिकडून खीळ घाल. बहिणीकडे जाऊ नकोस, तिथं पहिलं शोधेल."

"मग कुठं जाऊ?"

"मला सांगू नकोस. मला माहीत असलं की मी येईन तुला आणायला."

सून हलेना. "आणि तुम्ही?"

"तो माझा मुलगा आहे."

यात उत्तर काय होतं, ते मावशीला स्वतःलाही कळलं नसतं. तिनं फळी उचलली, सुनेचं डोकं खाली दाबलं आणि तिला ढकललं. पलीकडे म्होरक्याची घंटा किणकिणली. त्याला वाटलं असेल, धान्य आलं. मावशीनं फळी सोडली.

धाड.

आतलं बोलणं थांबलं. उजेडाच्या पट्टीतला बूट सरकून बाजूला झाला, कसाई बाजूला होतो तसा. फळीपलीकडून खीळ बसल्याचा बारीक आवाज आला. मावशीनं पदर नसलेल्या खांद्यावरून उगीच हात फिरवला आणि वळणाच्या पुढचं पहिलं पाऊल टाकलं. इथे जमीन ओली होती, उताराची. माणसाला आपोआप पुढे नेणारी. चालता चालता तिनं हात वर करून डोकं झाकायचं ठरवलं होतं. मग ते राहूनच गेलं.

तिनं उजेडात मान काढली आणि सळई तिच्या कपाळावर बसली.

एकच घाव. तिला हाडाचा आवाज ऐकू आला, उजव्या, चांगल्या कानात. ती पडली नाही. भिंतीला धरून खाली बसली, बोळाच्या तोंडात, आडवी, एक पाय या भिंतीला आणि पाठ त्या भिंतीला लावून. रक्त डोळ्यांत उतरलं. नळावर कुणीतरी बादली टाकून दिली.

"आई?"

सळई फरशीवर पडली. एकघाव वाकला. तिच्या कपाळाला लावायला त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तिच्या डोक्यावरून तो बोळातल्या अंधारात बघू लागला.

"आई, ती कुठाय?"

पत्र्याखाली आता काहीच हलत नव्हतं. लांब, मागच्या अंगाला, घंटा वाजत दूर जात होती. दार उघडं दिसल्यावर म्होरक्याही निघाला असावा. मावशीनं पाय भिंतीला आणखी घट्ट रोवला.

"येतेय," ती म्हणाली. "माझ्या मागंच आहे. जरा दम धर."