गेलते, नेलं न्हाय

"पुढं घे, पुढं," म्हणत वीरभद्रनं बायकोच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि टीव्हीवर आलेला फोटो बोटानं सरकवून टाकला.

पण महांतेशनं तो पाहिला होता. रविवारचं जेवण उरकून तो आणि नीलव्वा, म्हणजे वीरभद्रचे थोरले भाऊ-भावजय, त्याच्या शाहूपुरीतल्या घरी दिवाणखान्यात सुपारी कातरत बसले होते. फोटोत वीरभद्रची बायको शांतादेवी उभी होती. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, वरून सुनेचा गुडघ्याखाली येणारा कोट, डोक्यावर लोकरीची टोपी आणि पाठीमागं लाल विटांचा जुना बुरूज.

"ह्यो काढला कुणी?" महांतेशनं विचारलं.

"बसवेशनं. दुसरं कोण काढणार?" वीरभद्र म्हणाला.

"बसवेश नव्हता," शांतादेवी म्हणाली. "रस्त्यानं एक बाई चाललीवती, तिला दिला मोबाइल. मी एकटीच गेलते."

नीलव्वाचा अडकित्ता थांबला.

वीरभद्र हसला. पाहुण्यांसमोर हसतात तसा. "तिचं काय ऐकता दादा. पोरगं होतं की जवळपास."

परत आल्यापासून दोन महिने शांतादेवी हेच ऐकत होती. दुकानात, लग्नात, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. आमच्या बसवेशनं आईला रशिया दाखवला.

महांतेश आला होता तो एक काम घेऊन. जयसिंगपूरच्या महिला मंडळाला रशियावर बोलायला कुणीतरी हवं होतं आणि त्यानं शांतादेवीचं नाव दिलं होतं. आता मात्र त्यानं तोंडातली सुपारी गालात सरकवली.

"हे बघ," तो म्हणाला, "तू बोल. चांगलं बोल. फक्त एकटी-बिकटी काढू नकोस. तिकडं लढाई चालू हाय, आणि म्हातारीला रस्त्यावर सोडून पोरगं घरात झोपलंवतं म्हणतील लोकं. पोराची अब्रू हाय ती. लेकानं फिरवलं म्हण. एक वाक्य तर हाय."

"आठवडाभर राबत होता तो, भावजी. शनिवारी झोपला तर झोपला. त्यात अब्रू कुठं जाते?"

"मग तुझी जाते," नीलव्वा म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षांची बाई. अनोळखी मुलखात. भाषा न्हाय, माणूस न्हाय. लाज कशी वाटली न्हाय गं तुला?"

"न्हाय वाटली, अक्का."

एवढं बोलून शांतादेवीनं सुपारीचं तबक उचललं. स्वयंपाकघरात जाऊन ते तिनं ओट्यावर इतकं जोरात ठेवलं, की अडकित्ता उडून खाली पडला.

---

ती मॉस्कोला गेली ती सुनेच्या बाळंतपणासाठी, आठ महिन्यांसाठी. सोमवार ते शुक्रवार बाळ तिच्या मांडीवर. शनिवारी सकाळी सून शांभवी बाळाला घेऊन आपल्या खोलीत जायची, बसवेश म्हणायचा, "अव्वा, तू आता आराम कर," आणि दार लागायचं. पहिले दोन शनिवार शांतादेवीनं अकराव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून काढले. खाली माणसं मुंगीएवढी दिसायची आणि प्रत्येक मुंगीला कुठंतरी जायचं असायचं. तिसऱ्या शनिवारी तिनं कोट घातला.

पाट्या वाचता येईनात, तेव्हा तिनं अक्षरं शिकून घेतली. 'पी'सारखा दिसतो तो आपला र, 'सी'सारखा दिसतो तो स. कुरुंदवाडात वाढलेली ती. एका हाताला मराठी पाटी, दुसऱ्या हाताला कानडी. दोन लिप्या येणाऱ्या बाईला तिसरी काय जड? महिन्याभरात ती स्टेशनांची नावं लावू लागली. एका शनिवारी सोनेरी घुमटांचा मठ, एका रविवारी लाकडी घरांचं गाव. सोमवारी बाळाला तेल लावताना ती त्याला सगळं कानडीत सांगायची. ते सगळ्यात चांगलं ऐकणारं माणूस होतं.

बसवेशला कळलं तेव्हा तो घाबरला. मग त्यानं तिच्या मोबाइलमध्ये नकाशा घालून दिला आणि म्हणाला, "अप्पांना सांगू नको." तिनं सांगितलं नव्हतं. आता त्याचंच वाईट वाटत होतं.

---

कार्यक्रमाला सत्तर-ऐंशी बायका होत्या. महांतेश पाहुणा म्हणून स्टेजवर बसला होता आणि वीरभद्र दाराशी, गाडीची किल्ली हातात धरून. नीलव्वा पहिल्या रांगेत. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, तोंड घट्ट मिटलं होतं.

ओळख महांतेशनंच करून दिली. "आमच्या बसवेशनं," तो माइकवर म्हणाला, "कामातनं वेळ काढून आपल्या आईला सगळा रशिया फिरवून दाखवला. असा लेक सगळ्यांना मिळो!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत शांतादेवी माइकपाशी उभी राहिली. तिनं निऱ्या सारख्या केल्या.

"माझा लेक गुणी हाय," ती म्हणाली. "पण त्यानं मला फिरवलं न्हाय. नेलं म्हटलं, की माणसाचं सामान होतंय. मला कुणी नेलं न्हाय. मी गेलते."

मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. स्टेजवर महांतेशनं समोरची पाण्याची बाटली उगाचच उघडली. शांतादेवीनं दाराकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित थांबली असती.

तिनं कोलोम्नाचं सांगितलं. मॉस्कोपासून दोन-अडीच तासांवरचं गाव. तिथं दोन नद्या मिळतात हे नकाशात दिसलं, म्हणून ती गेली. आपल्याकडं कृष्णेला पंचगंगा मिळते तसंच असेल, अशा हिशेबानं. तिथं घाट नव्हता, देऊळ नव्हतं, नुसतं गवत आणि काठाला धरलेला बर्फ. एक म्हातारी गळ टाकून बसली होती. तिनं बाजूची जागा हातानं झाडली आणि सफरचंदाची वडी पुढं केली. दोघी तासभर बसल्या. "ती तिच्या भाषेत बोलत होती, मी माझ्या. दोघींनी एकमेकींला लई ऐकून घेतलं."

मग आजवर कुणालाच न सांगितलेलंही तिनं सांगून टाकलं. एकदा ती चुकीच्या स्टेशनावर उतरली. अंधार पडत होता, मोबाइल थंडीनं बंद पडलेला. दोन तास ती फलाटावर येरझाऱ्या घालत राहिली, पायाची बोटं मेली होती.

"रडलेय मी तिथं. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, पुन्हा म्हणून घराबाहेर पडायचं न्हाय. शुक्रवारपर्यंत तसंच वाटत होतं." ती थांबली. "शनिवारी परत गेले."

कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षबाईंनी घाईघाईनं उठून, कुणाला काही विचारायचं असल्यास, असं म्हटलं. पण त्यांचा हात आभाराच्या नारळाकडं गेलाच होता.

पहिल्या रांगेत नीलव्वा उठली.

शांतादेवीनं माइक घट्ट धरला. जे काय व्हायचं ते आता, सगळ्यांदेखत.

"लघवीला कुठं जात होतीस?" नीलव्वानं विचारलं.

"अगं ए!" महांतेश खुर्चीतून अर्धा उठला. "काय विचारतीस चारचौघांत!"

"तुम्ही गप्प बसा," नीलव्वा मान न वळवता म्हणाली. "तुम्हास्नी कुठंबी भागतंय."

हसू फुटलं ते मागच्या रांगेतून पुढं येत गेलं. शांतादेवीला मात्र हसू आलं नाही. ती नीलव्वाकडं बघत होती. चाळीस वर्षं एका घरात उठबस, पण जावेचं हे तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यात चेष्टा नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"स्टेशनात असतंय, अक्का," ती म्हणाली. "गाडीत चढायच्या आधी जाऊन यायचं. लागो, न लागो."

नीलव्वानं मान डोलावली, पण ती खाली बसली नाही.

"आणि बदामीला जायचं झालं तर? गाडी कुठनं धरायची?"

"मिरजेतनं मिळंल. बघून सांगते." मग शांतादेवीनं सवयीनं विचारलं, "कुणाबरोबर जाणार तुम्ही?"

नीलव्वानं एकदा स्टेजवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं.

"कुणाबरोबर, ते कुठं विचारलंय मी?" ती म्हणाली. "कसं जायचं, ते सांग."