महालक्ष्म्यांची झडती

वैजयंतीबाईंचं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा अरेरा कॉलनीतल्या त्यांच्या घराचा कारभार माझ्या हाती द्या, असा अर्ज पुतण्याने, नितीनने, भोपाळच्या कोर्टात टाकला. कोर्टाने मानसिक तपासणी सांगितली आणि ती आली डॉ. रेवतीकडे. रेवतीच्या मनोविकार विभागात नुकताच एआय आला होता. तोच हिंदीत प्रश्न विचारी आणि उत्तरं ऐकून शेरा देई. रेवतीला त्याचं भारी कौतुक!

बाईंचा शेरा वाचून मात्र तिने कपाळावर हात मारून घेतला. गेल्या आठवड्यात घरी कोण आलं होतं, या प्रश्नावर बाई अगदी खुलल्या होत्या. दोघी बहिणी आल्या, पुरणपोळी जेवल्या, तिसऱ्या दिवशी गेल्या. धड लोखंडी, हात नाहीत, पण नव्या साड्यांत काय शोभत होत्या! एआय म्हणाला, तीव्र भ्रम. भाद्रपदात घरोघरी बसतात त्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, त्या बापड्याला कोण सांगणार?

रेवती शेरा बाजूला सारायला निघाली, तर नितीन आडवा आला.

"तुम्ही पण मराठी, डॉक्टर. काकूचीच साइड घेणार. मशीन थोडीच कोणाची तरफदारी करतं? मी तर कोर्टात हेच दाखवणार."

रेवतीला संताप आला. एवढी हसतीखेळती बाई स्वतःच्याच घरात परकी होणार, तेही सणाच्या गप्पा मारल्या म्हणून! पण ती गोड हसली. "बरं. नातेवाइकांचीही मुलाखत घ्यावी लागते. बसा."

नितीन ऐटीत बसला. एआयने तोच प्रश्न केला. कोणी आलं नाही, असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. महालक्ष्म्यांचा कोप कोण ओढवून घेईल?

"आई थीं ना, दोनों," तो चाचरत म्हणाला. "सिर तो डिब्बे में थे. मैंने ही निकाले, कपड़े से पोंछे. तीसरे दिन उतारके वापस डिब्बे में."

संगणकाचा पडदा लालेलाल झाला. अत्यंत धोकादायक, एकटं सोडू नये.

"अरे, ह्याला काय समजतं आपलं?" नितीन ओरडला. "मिटवा ते, डॉक्टर! मी अर्ज वापस घेतो!"

आरडाओरडा ऐकून बाहेर बसलेल्या वैजयंतीबाई आत आल्या. पडदा वाचून त्यांनी पुतण्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"घाबरू नकोस, बाळा. चल घरी. कोर्टाला सांगू, याला मी सांभाळीन."