थोरल्यानं सेल का बदलला?

कॉलेज संपल्यावर मी एका मासिकात नोकरीला लागले. कार्यालय म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की आमच्या टेबलावरचे कप थरथरायचे. संपादक दोघं होते, बाई आणि सर. एखाद्या कथेवर दोघांचं एकमत झालंच, तर आमचे शिपाईकाका विचारायचे, "आज कुणाची तब्येत बरी नाही का?"

आलेली पाकिटं फोडून पहिलं वाचन मी करायचे. तेव्हा मी नुसती भाषेवर भाळायचे. कुणी चंद्रावर पानभर लिहिलं की ती कथा गठ्ठ्यात सगळ्यात वर. बाई दोन पानं वाचून विचारायच्या, "यात माणूस कोण आहे गं? आणि त्याला हवंय काय?" मी पानं पुढेमागे उलटत बसायचे. "मग चंद्राला राहू दे वरच," म्हणून त्या पुढची कथा उचलायच्या.

एकदा वार्षिक अंकात एकाच कथेची जागा उरली. सरांच्या हातात एका नावाजलेल्या लेखकाची कथा होती, घासूनपुसून लख्ख केलेली. बाईंनी पुढे केली ती दाताच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या कुणा अनोळखी बाईची. वडील गेल्यावर भावंडं घर आवरतात, एवढीच गोष्ट. भांडी वाटली जातात, कपाटं जातात. वडिलांचं ऐकण्याचं यंत्र तेवढं उरतं. न्यायला कुणी तयार नाही आणि फेकवतही नाही. ते ड्रॉवरमध्ये बारीक शिट्टी मारत पडलेलं असतं. शिट्टी थांबते, तेव्हा थोरला गुपचूप जाऊन नवा सेल आणतो.

"शुद्धलेखनाचे तर तीन तेरा," सर म्हणाले. "आणि यात घडतंय काय?"

"शुद्धलेखन मी बघते, सर," मी बोलून गेले आणि जीभ चावली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाई मात्र खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

दुपारी डबे उघडले. सरांचा घास हातातच राहिला.

"पण थोरल्यानंच का बदलावा सेल? तो तर वडिलांशी धड बोलतही नव्हता!"

"सकाळची ती दुसरी कथा आठवतेय का?" बाईंनी शांतपणे विचारलं.

सरांनी घास परत डब्यात ठेवला. "लेखकाचं नाव आठवतंय," म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

ठरलं, तीच कथा घ्यायची. फक्त शेवटचा परिच्छेद काढायचा होता, कारण त्यात थोरल्याच्या मनात काय होतं ते सगळं समजावून सांगितलं होतं. ते शेवटचं पान बाईंनी सरांना दिलंच नव्हतं. बाईंनी लेखिकेला बोलावून घेतलं. ती पर्स घट्ट धरून खुर्चीच्या टोकावर बसली.

"पण माझ्या मिस्टरांना तोच परिच्छेद सगळ्यात आवडला होता," ती म्हणाली.

"मग तो त्यांना घरी वाचून दाखवा," बाई म्हणाल्या. "आमच्या सरांना तीन दिवस झोप नाही, ती त्या सेलमुळे."

ती आधी गोंधळली, मग खुदकन हसली आणि हो म्हणाली. अंक निघाल्यावर तिला इतकी पत्रं आली की काकांना वेगळी पिशवी करावी लागली. जो तो आपल्या घरातल्या थोरल्याबद्दल लिहीत होता.

आता छापखाना नाही. सरही नाहीत. बाईंना अंधुक दिसतं. मासिक मी घरूनच चालवते आणि कथा पडद्यावर वाचते. एखादी कथा आतवर लागली की अजूनही मान वर करते, कुणाशी तरी भांडायला. समोर भिंत असते. मग बाईंना फोन लावते.

"बाई, एक कथा आलीय. वाचू?"

"कुणाची आहे ते सांगू नकोस," त्या म्हणतात. "सुरू कर."