थर्मासात दूध नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. हसू नका. तुमच्या स्वयंपाकघरातलं पातेलं पडलं तर फार तर पोचा येतो आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेगडीवर चढतं. आम्ही पडलो की संपलो. बाहेरच्या निळ्या पत्र्यामुळे मी दणकट दिसतो, पण आत काच आहे, आणि तीही किती पातळ म्हणून सांगू! कुणी मला उचललं की धस्स होतं, खाली ठेवलं की पुन्हा धस्स होतं. मुलं जवळून धावत गेली तर विचारूच नका.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा एकात एक अशा काचेच्या दोन बाटल्या बसवल्या, त्यांना चांदीसारखा मुलामा दिला आणि दोघींच्या मधली हवा ओढून काढली. ती पोकळी हीच माझी सगळी विद्या. आतली ऊब बाहेर जात नाही आणि बाहेरचं ऊन आत येत नाही. माझ्या अंगाला हात लावून माझ्या पोटात काय चाललंय ते कुणालाही कळत नाही. फळीवरची भांडी यावरून मला आतल्या गाठीचा म्हणायची. म्हणोत बापडी! मला त्याचा केवढा अभिमान होता. पण याच गुणानं पुढे माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

मला विकत घेतलं भिंगरीच्या आजोबांनी. भिंगरी ही त्यांची नात. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. आजोबा रेल्वेचं फाटक सांभाळायचे. हात घालून नीट धुता आलं पाहिजे, असा हट्ट धरून त्यांनी रुंद तोंडाचा थर्मास निवडला होता. सकाळी भरलेला चहा संध्याकाळी जीभ पोळायचा. फाटकाशी थांबलेल्या ट्रकवाल्यांना ते घोटभर पाजायचे आणि मग माझं कौतुक करत बसायचे. पुढे आजोबा गेले. घरात फ्रिज आला. माझी रवानगी माळ्यावर झाली, एका काडी मोडलेल्या छत्रीशेजारी. माझ्या बुचाला कुबट वास यायला लागला. वाईट वाटायचं, नाही कसं? पण इथून आपल्याला कुणी पाडणार नाही, या विचारानं जरा बरंही वाटायचं.

मग टंचाई आली. मी माळ्यावरून नुसतं ऐकत होतो. आधी काडेपेट्या मिळेनाशा झाल्या. मग साबण, मग बल्ब, मग शिवायचा दोरा. भिंगरीची आई शर्टांना काज-बटणं करायच्या कारखान्यात जायची. दोरा संपला तसा कारखाना अर्धाच दिवस चालू लागला. बाबा माल घेऊन लांब गेले होते, ते डिझेलवाचून ट्रकसकट तिकडेच अडकले. सुरुवातीला लोक थट्टा करायचे. खालच्या मजल्यावरच्या काकू एकाच काडीवर तीन घरांच्या शेगड्या पेटवायच्या. कागदाची पेटती सुरळी घेऊन जिन्यात धावायच्या आणि वर स्वतःच खो खो हसायच्या. पण वीज जायला लागली आणि हसणं कमी होत गेलं.

एका गोष्टीवर मात्र त्या घरात कुणी कधीच हसलं नाही. भिंगरीला साखरेचा आजार होता. नऊ वर्षांची पोर, पण रोज इन्सुलिनची सुई टोचल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. ते औषध थांबलं तर ती जगणार नाही, हे डॉक्टरांनी आईला कधीच स्पष्ट सांगितलं होतं. आता तेही दुकानांतून नाहीसं झालं. घरातली बाटली तळाला आली, तशी आई रोज सुईत थोडं थोडं कमी भरू लागली. भिंगरीला सारखी तहान लागायची. तिची बडबड थांबली. ती एका जागी बसून राहायला लागली.

अशात कळलं, की शहरातल्या मोठ्या दवाखान्यात औषध आलंय, पण ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. आईनं त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून मला खाली काढलं. राखेनं घासलं, रात्रभर पालथं घालून वाळवलं. जन्मभर ऊब सांभाळलेला मी, आता मला गारवा सांभाळायचा होता. मला वाटलं, जमेल. पण भीती होतीच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीशी ही भली मोठी रांग होती. आई मला पदराखाली धरून उभी होती आणि भिंगरी तिच्या कमरेला टेकून. आमच्या पुढचे एक म्हातारे गृहस्थ औषध घेऊन वळले, चार पावलं चालले, आणि कुणीतरी त्यांच्या हातातली पिशवी हिसकून पळ काढला.  ते नुसते रिकाम्या हाताकडे बघत राहिले. आईनं मला पदराखाली आणखी आत ओढलं. तिचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी दोन छोट्या बाटल्या दिल्या आणि बजावलं, "गार ठेवा, पण गोठू देऊ नका. एकदा गोठलं की ते पाणीच समजा. वितळल्यावर पहिल्यासारखंच दिसतं, पण उपयोग शून्य."

आमच्यामागे आणखी थोड्या लोकांना मिळालं आणि खिडकी बंद झाली.

रस्त्यावर आल्यावर आईच्या लक्षात आलं, की चौकडीच्या शर्टातला एक माणूस आपल्यामागून येतोय. आम्ही वळलो की तो वळायचा. आम्ही थांबलो की तोही कुठेतरी बघत थांबायचा. आईची पाचावर धारण बसली. आता तिला लवकरात लवकर बर्फ मिळवून बस गाठायची होती. कोपऱ्यावर एक आइस्क्रीमवाला रिकामी गाडी घेऊन बसला होता. दूध नाही, साखर नाही, आइस्क्रीम कसलं करणार? पण पेटीत बर्फाची लादी होती. बर्फ कशाला हवाय, असं त्यानं विचारलं. खरं सांगायची आईची छाती झाली नाही. "दूध न्यायचंय पोरीसाठी," ती म्हणाली.

त्यानं भिंगरीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. बर्फ फोडून मला गळ्यापर्यंत भरलं, आणि पेटीशेजारच्या डब्यातून मूठभर जाडं मीठ घेऊन त्यावर सोडलं. मग आणखी एक मूठ. आइस्क्रीमच्या डब्याभोवती तो रोज असंच करत असणार. आपल्या परीनं त्यानं भलंच केलं होतं. आईचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती मान वळवून चौकडीच्या शर्टाकडे बघत होती. पुढच्या बोळात शिरून तिनं घाईघाईनं एक बाटली तशीच उघडी बर्फात खुपसली. दुसरी रुमालात गुंडाळेपर्यंत बोळाच्या तोंडाशी पावलं वाजली, तशी ती वरच्या वर ठेवून तिनं बूच लावलं.

बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. तो माणूसही चढला आणि आमच्यापासून दोन बाकं मागे बसला. त्याची नजर माझ्यावरच होती. आई मला मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, आज चोरापासून वाचलो तर जिंकलो.

पण मित्रांनो, चोर बाहेर नव्हताच. माझ्या पोटात काहीतरी विपरीत चाललं होतं. बर्फ वितळून तळाशी जे पाणी साचत होतं, ते बर्फापेक्षाही गार होतं. असं कधी असतं का? ती थंडी चावत होती. माझी काच कळवळली. खाली खुपसलेली बाटली मला टेकलेली होती आणि तिच्या आतलं औषध हळूहळू घट्ट होत होतं. ते मला कळत होतं, पण सांगणार कसं? आई मधूनमधून माझ्या अंगाला हात लावून बघायची. पत्रा कोमटच लागायचा. सगळं ठीक आहे असं समजून ती मान हलवायची. तो हात लागला की माझा जीव अर्धा व्हायचा. अहो, उघडून बघा! आत तुमच्या पोरीचा जीव गोठतोय! पण आम्हाला तोंड असतं ते फक्त ओतायला. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, की आपल्याला तडा जावा. आपण आत्ता फुटलो तर बरं.

पहाटेपासून उभी असलेली आई अखेर पेंगली. भिंगरीच्या घशाला कोरड पडली होती. झाकण उघडायचं नाही, असं तिला दहा वेळा बजावलेलं होतं. तिनं आईकडे बघितलं, माझं बूच हळूच पिळलं आणि बर्फाचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. लगेच तोंड वाकडं करून थुंकला.

"आई," ती आईला हलवत म्हणाली, "बर्फ खारट आहे."

आईला आधी राग आला. मग तिनं बोट आत घालून चाखलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आइस्क्रीम गोठवायला बर्फात मीठ घालतात, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी तिनं स्वतः आइस्क्रीमच्या भांड्याचा दांडा फिरवलेला होता. तिनं बर्फात हात खुपसून तळाची बाटली काढली. उजेडाकडे धरून हलवली. आतलं हललं नाही. मग रुमालातली काढली. ती हलवताना तिचे डोळे मिटलेलेच होते. भिंगरीनं बघितलं आणि ती म्हणाली, की यात पाणी हलतंय.

एक वाचली होती. पण बाहेर ऊन भाजत होतं, घर अजून लांब होतं, आणि या बर्फात ती बाटली परत ठेवणं शक्य नव्हतं. बसमध्ये कुणाकडे तरी गार पाणी असणार. ते मागायचं तर सगळ्या बससमोर खरं सांगावं लागणार. आईनं एकदा मागे, त्या चौकडीच्या शर्टाकडे बघितलं. मग ती उभी राहिली. 

"हे दूध नाही," तिला कुणी विचारलंही नव्हतं, तरी ती म्हणाली. "माझ्या मुलीचं इन्सुलिन आहे. मला गार पाणी पाहिजे. थोडं द्या कुणीतरी."

सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. मी जीव मुठीत धरून होतो. पुढून कंडक्टरनं आवाज दिला. ड्रायव्हरच्या खिडकीला ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा कॅन टांगलेला होता, तो सोडवून हातोहात मागे आला. खारट बर्फ खिडकीबाहेर गेला. मला दोनदा विसळलं, गार पाण्यानं भरलं आणि रुमालातली बाटली पुन्हा माझ्या पोटात बसली. हा गारवा मऊ होता. माझ्या काचेच्या जिवात जीव आला.

आणि तेवढ्यात तो माणूस उठून आमच्याकडे आला.

त्यानं खिशात हात घातला तेव्हा आईनं मला छातीशी आवळलं. त्याच्या हातात एक रिकामी बाटली होती. तिच्यावर चिकटवलेली तीच चिठ्ठी, तेच औषध. आपल्या बायकोसाठी तो ही बाटली दाखवत दुकानं हिंडत होता. रांगेत त्याचा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली होती. दवाखान्यापासून तो आमच्यामागे चालत होता, कारण आईकडे काही मागायचा त्याला धीर होत नव्हता. त्यानं बाकावरच्या गोठलेल्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"ती तुम्हाला नकोच आहे ना, ताई? मला द्या. थोडं तरी काम करेल."

 ती बाटली फेकून द्यायचं आईच्याही जिवावर आलं होतं. बाटली कडेनं वितळत होती आणि थोड्या वेळानं ती अगदी चांगल्या बाटलीसारखी दिसणार होती. ती घरी नेली असती, तर एखाद्या वाईट दिवशी तिचाच हात त्या बाटलीकडे गेला असता. आईनं बाटली खाली ठेवली आणि चपलेच्या टाचेनं फोडली. बसमध्ये दवाखान्याचा वास पसरला. तो माणूस खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. आईही रडत होती.

मग तिनं पिशवीतून दोन नव्या सुया काढल्या. माझं बूच उघडलं, आपली एकुलती एक बाटली काढली, आणि दोन्ही सुया काठोकाठ भरून टोपणं लावून त्याच्या हातात दिल्या. पुढची खेप येईपर्यंत एवढ्यावर निभवा, असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं त्या ओल्या कापडात गुंडाळल्या.  भिंगरी मात्र बाटलीतली उतरलेली पातळी बघत होती.

"आई, आपलं संपलं तर?"

आईनं माझं बूच घट्ट पिळलं. "मग आपणही मागू," ती म्हणाली.

वीज नसल्यानं फ्रिज बंदच असतो, म्हणून ती बाटली अजून माझ्या पोटात आहे आणि अर्ध्याच्या खाली आली आहे. पुढची खेप आल्याची बातमी अजून नाही. सुई भरायला आई मला उघडते, तेव्हा दरवेळी मला तितकीच भीती वाटते. माझं बूच आता रोज धुतलं जातं आणि मला कुणी माळ्यावर ठेवत नाही. पण त्याचा आनंद करावा असे हे दिवस नाहीत.

मित्रांनो, मला जपून उचला, एवढंच मी पूर्वी मागितलं असतं. आता आणखी एक मागतो. बसमध्ये, रांगेत, जिन्यात कुणी एखादी वस्तू छातीशी धरून बसलेलं दिसलं, तर लांबून बघत राहू नका. जवळ जा आणि काय हवंय ते विचारा. खरं सांगायची त्यांना भीती वाटत असते. तुम्ही विचारलंत, तर ते सांगतील.