समोरासमोरचे कोपरे

रेषेला पक्षपात ठाऊक नाही. राजाच्या अंगणातून गेली काय नि भिकाऱ्याच्या झोळीवरून गेली काय, सरळ ती सरळच. दीनानाथशास्त्री हे वाक्य आपल्या पाठशाळेत रोज सकाळी गंभीरपणे म्हणत, आणि विद्यार्थी तितक्याच गंभीरपणे माना डोलावत. वाक्यानंतर पेज मिळत असे.

पानिपतच्या घावावर खपली धरली होती आणि पुणं पुन्हा घरं बांधू लागलं होतं. नव्या पेठेत दोन गल्ल्या एकमेकींना तिरप्या छेदून जात. त्या चौकात चार घरं. दोघांच्या वाट्याला ऐसपैस कोपरा आला होता, दोघांच्या वाट्याला चिंचोळा. ऐसपैस कोपऱ्यांत मच्छिंद्र तांबट आणि नियाज अत्तरवाले राहत आणि कुणाविषयी तक्रार करत नसत. एका चिंचोळ्या कोपऱ्यात शास्त्रीबुवा. त्यांच्या बरोबर समोर, चौकाच्या पलीकडे, दुसऱ्या चिंचोळ्या कोपऱ्यात सर्जेराव शिलेदारांनी मोहिमेवरून परतल्यावर घर बांधलं.

सर्जेरावांनी माळव्यातून एक पलंग आणला होता. तो कोपऱ्यातल्या खोलीत आडवा बसेना नि उभाही बसेना. सुतारानं विचारलं, पलंग थोडा कापू का? सर्जेरावांनी त्याला हाकलून दिलं आणि कोतवालाच्या चावडीवर फिर्याद केली. समोरच्या शास्त्र्यानं भिंत पुढे रेटून गल्ली वाकवली, म्हणून आमचा कोपरा चेंगरला. सबब शास्त्र्याची भिंत मागे घ्यावी. त्यांच्या मते समोरासमोरचे कोपरे म्हणजे तराजूची पारडी. एक जड झालं की दुसरं वर जाणार.

शास्त्रीबुवांची ती भिंत घरातल्या एकुलत्या एक उबदार खोलीची होती. खोलीला लागूनच चूल असल्यानं रात्रभर तिथे गारठा शिरत नसे. त्या खोलीत त्यांची लेक अंबू बाळंतपणाला आलेली होती आणि दिवस भरत आले होते. तिचं पहिलं मूल सासरी, ओसरीवर आडोसा करून झालं होतं. पौषातला वारा होता. ते बारशापर्यंत पोचलं नाही. या खेपेला शास्त्रीबुवांनी स्वतः जाऊन तिला आणलं होतं.

"भिंत पाडणार का हो ते?" बायकोनं विचारलं.

"कशी पाडतील? सिद्धान्त माझ्या बाजूनं आहे."

"आणि चावडी?"

शास्त्रीबुवा काड्या शोधायला उठले.

चावडीवर त्यांनी दोन सरळ काड्या मधोमध दोऱ्यानं बांधून कारकुनापुढे धरल्या. मच्छिंद्र तांबट त्यांचा साक्षीदार म्हणून शेजारी बसला होता.

"या दोन गल्ल्या. हा माझा कोपरा, हा समोरचा सर्जेरावांचा. आता मी माझा कोपरा रुंद करतो. पाहा." काड्या फिरल्या. समोरचा कोपराही तेवढाच उघडला.

"हातचलाखी," सर्जेराव म्हणाले.

"हात आपणच फिरवा. अहो, माझा कोपरा आणि शेजारचा या मच्छिंद्रचा कोपरा मिळून एक सरळ रेषा होते, म्हणजे दोन काटकोन. आपला कोपरा आणि हाच मच्छिंद्रचा कोपरा मिळूनही दोन काटकोनच. दोन्हीकडून मच्छिंद्र वजा करा. उरला तो माझा आणि आपला, सारखाच! मी भिंत रेटून गल्ली वाकवली असती तर दोन कोपरे वेगवेगळे आले असते. मोजून घ्या."

मोजले. सारखे आले. कारकुनानं पुन्हा मोजायला लावले, तरी सारखेच.

इथे शास्त्रीबुवांनी थांबायला हवं होतं. पण पुढे बसलेल्या माणसाला अर्धाच सिद्धान्त सांगून घरी पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"गल्ल्या सरळ आहेत तोवर मी वाढलो तर सर्जेराव माझ्याबरोबर वाढतात. घटतो तो मच्छिंद्र."

मच्छिंद्रनं पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "म्हणजे शास्त्रीबुवा, तुम्ही घटलात तर मी वाढतो?"

"सिद्धान्त तसाच आहे."

"अस्सं." मच्छिंद्र उठला, धोतर झटकलं आणि सर्जेरावांच्या बाजूला जाऊन बसला.

"आणि शास्त्री घटला तर मीही घटणार?" सर्जेराव गरजले. "ही भर चावडीत धमकी आहे!"

"धमकी नव्हे, सिद्धान्त."

"आमच्या छावणीत धमकीला धमकीच म्हणतात."

कारकून पेचात पडला. दोन्ही कोपरे सारखे म्हणजे गुन्हा कुणाचाच नाही, आणि गुन्हा कुणाचाच नाही असा निवाडा त्याच्या नोकरीत कधी झाला नव्हता. तेव्हा त्यानं जुना, खात्रीचा उपाय काढला: शीव चालवायची. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या वृद्धानं स्नान करून, शपथ घेऊन, डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचं. तो चालेल ती गल्लीची मधली रेषा. माती डोक्यावर असेतो त्यानं मागे पाहायचं नाही, घेतलेली दिशा सोडून पुन्हा वळायचं नाही. वळला तर निर्वंश.

"मान्य," शास्त्रीबुवा ताबडतोब म्हणाले. गल्ली सरळ होती. सरळ गल्लीतून माणूस सरळच चालणार.

चालायला गेनबा आला. पेठ वसली तेव्हा पहिल्या खुंट्या त्यानंच ठोकल्या होत्या, त्यामुळे त्याच्या शब्दाविरुद्ध कुणी बोलत नसे. सकाळी सगळी पेठ ओट्यांवर जमली. कारकुनाच्या माणसानं चुन्याच्या फक्कीचं मडकं घेतलं. गेनबाच्या पावलामागे पांढरी रेघ पडू लागली, आणि ती इतकी सरळ पडली की शास्त्रीबुवांना क्षणभर पाठशाळेतली मुलं बोलावून आणावीशी वाटली.

चौकात वळू बसला होता.

देवाला सोडलेला वळू, त्याला उठवायचं कुणी? नियाजमियाँनी ओट्यावरून हळूच "हट्, हट्" केलं. वळूनं कान हलवला.

"उठवा ना त्याला!" शास्त्रीबुवा ओरडले.

"शिवेवर देवाचं जनावर बसलं, त्याला हात लावायचा नाय," गेनबा मान न हलवता म्हणाला. "देवानंच वाट दावली म्हणायची." आणि तो वळूला बगल देऊन शास्त्रीबुवांच्या अंगाला सरकला. सरकला तो सरकला. परत वळायची मुभा नव्हती. घेतलेल्या तिरप्या दिशेनंच तो पुढे निघाला, आणि त्याच्यामागे रेघ निघाली.

"ही वाकली!" शास्त्रीबुवा फक्कीवाल्याच्या बरोबरीनं धावत होते. "चौकात वाकली! सरळ नाही तिला माझा सिद्धान्त लागत नाही!"

"मग नका लावू," कारकून म्हणाला.

रेघ थेट शास्त्रीबुवांच्या कोपऱ्यावर आली. तिथे अंबूच्या खोलीचं गल्लीकडे उघडणारं दार होतं. गेनबा उंबऱ्याशी थबकला.

"फुडं बाई हाय," तो म्हणाला. "अवघडलेली हाय."

"रेषा पुढे आहे," कारकून म्हणाला.

गेनबा हलला नाही. डोक्यावर माती, पायाखाली उंबरा, मागे पाहायची चोरी. आत अंबूनं अंगावरची वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि बापाकडे पाहिलं. "तात्या, मी उठू का?"

शास्त्रीबुवांच्या हातात अजून त्या काड्या होत्या. तिला बायकोनं उठवलं.

गेनबानं माती उंबऱ्यावर ठेवली. कारकुनानं शीव तिथून पुढे सुतळी धरून पुरी केली. खोलीचा निम्म्याहून जास्त भाग गल्लीत गेला. शास्त्रीबुवांनी महिन्याभराची मुदत मागितली, निदान बाळंतपण होईतो. कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन दिवस दिले. भिंत पडली तेव्हा चुलीचा धूर सरळ रस्त्यावर जाऊ लागला, आणि रात्री रस्त्यावरचा वारा चुलीपर्यंत येऊ लागला.

रेघ ज्या बाजूपासून दूर सरकली, त्या बाजूला मच्छिंद्रच्या दारापुढे बरीच जागा मोकळी झाली. त्यानं तिथे ओटा बांधला आणि वर हंडे वाळत मांडले. भेटला की तो शास्त्रीबुवांना अगदी आदरानं म्हणे, "आपला सिद्धान्त खरा निघाला हो."

अंबू पाठशाळेत बाळंत झाली, फळीवरच्या पोथ्यांखाली, लुगड्याचा आडोसा करून. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत घरघर सुरू झाली. वैद्यांनी मात्रा उगाळून दिली, पौर्णिमेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले आणि पाय धुऊन निघून गेले. विद्यार्थ्यांना सुट्टी दिली होती. शास्त्रीबुवा रात्रभर शेगडीशी बसून ते एवढंसं ऊर वर-खाली होताना पाहत. ऊर खाली गेलं की ते श्वास धरून बसत.

त्याच आठवड्यात सर्जेरावांनी पलंगासाठी सुतार बोलावून आपला कोपरा मोजून घेतला. तो पूर्वी होता तेवढाच भरला.