डावा कण, उजवा कण

शुक्रवारी मिरकरवाडा बंदरावर बर्फ सहज मिळतो, हे राहीला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवशी नमाजासाठी बहुतेक होड्या बंदरातच थांबत, मासळीचा लिलाव होत नसे आणि बर्फाच्या कारखान्यात लाद्या पडून राहत. तिचे आप्पा तिथली यंत्रं सांभाळायचे. श्रावणात ते गेले. त्यानंतर त्या दारात ती आज पहिल्यांदाच उभी होती.

"काय गो, मास्तरीण?" दादूने नेहमीच्या थट्टेच्या नावाने हाक मारली. तो आप्पांच्या हाताखाली तयार झालेला. "कुणाचं लगीन काढलंस?"

"औषध गार करायचंय. दोन लाद्या दे."

"औषध बर्फात? मग ते औषध का सुरमई?"

राही मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा औषध-कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. लाद्या भुशात गुंडाळता गुंडाळता दादूने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "हृदयाच्या औषधाचे कण दोन तऱ्हांचे निघतात. एक डावा, एक उजवा. आरशात बघितल्यासारखे. काम करतो तो डावा. उजवा नुसताच पोटात जातो. त्यांची फारकत करायचीय."

"म्हणजे लेपीचं झालं. चपटी मासळी, दोन्ही डोळे एकाच अंगाला. उलट्या अंगाची लेप मी जन्मात बघितली नाय."

"माझ्या टोपलीत निम्म्या उलट्याच आहेत."

"मग निवड की!"

"डोळे दिसले तर निवडीन ना."

दादू हसला. मग लाद्या रिक्षात चढवताना, तिच्याकडे न बघता म्हणाला, "आप्पांनी हे ऐकलं असतं तर महिनाभर बंदरात सांगत फिरले असते."

राही लाद्या सावरून रिक्षात बसली.

तिची कल्पना सांगायला सोपी होती. डाव्या कणांभोवती प्लॅस्टिक जमू द्यायचं आणि मग ते कण धुऊन काढायचे. मागे त्यांच्याच घडणीचे खळगे उरतात. त्या प्लॅस्टिकच्या भुकटीवरून मिश्रण सोडलं की डावे कण खळग्यांत रेंगाळतील आणि उजवे आधी बाहेर पडतील. परदेशात काही जणांनी असं करून पाहिलं होतं. राहीने मात्र प्लॅस्टिक नेहमीसारखं ऊन पाण्यात जमवलं होतं, आणि प्रत्येक वेळी डावे-उजवे हातात हात घालून बाहेर आले होते. शेवटी तिच्या लक्षात आलं की कण आणि प्लॅस्टिक यांची पकड फार नाजूक असते. उष्णतेच्या धडपडीत ती सुटते आणि खळगा बिघडतो. म्हणून बर्फ, आणि प्लॅस्टिक जमायला उष्णतेऐवजी अतिनील दिवा.

मालक आत्मारामशेठ वाईट माणूस नव्हते, पण त्यांना प्रयोगशाळेच्या खोलीत पिंपं ठेवायची होती. "या वेळी जमलं तर खोली तुमची," ते म्हणाले होते, "नाही तर पिंपांची."

दमयंती, तिची मदतनीस, डावं औषध आणि प्लॅस्टिकचा पातळ कच्चा माल मिसळलेली नळी बर्फात उभी करून दिवा लावून बसली. राही हात धुऊन आली तेव्हा नळीतलं द्रावण गढूळ झालं होतं. आत पांढऱ्या सुया तरंगत होत्या. तापमापक शून्याच्या बराच खाली गेला होता.

"दमयंती, बर्फात काय घातलंस?"

"जाडं मीठ," दमयंती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! ताई, हात आपोआप गेला. आमच्याकडे बर्फ येतो तो आंब्याच्या आइस्क्रीमच्या पॉटसाठीच."

अति थंडीने औषधाचे खडे होऊन ते द्रावणाबाहेर पडले होते. बाहेर पडलेल्या कणाभोवती खळग्यांचा साचा कसला जमणार? शुद्ध डावं औषध चिंचेतल्या आम्लाच्या मदतीने कितीतरी दिवस खपून मिळवलेलं. आता एकाच नळीपुरतं उरलं होतं.

राहीने नळी बर्फातून उपसून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आइस्क्रीम तरी झालं असतं तर शेठना दिलं असतं." दमयंतीला हसू आणि रडू एकदमच आलं. दोघींनी खारट बर्फ बाहेर फेकला, उरलेली लादी फोडली आणि नवी नळी उभी केली. या वेळी तापमापक शून्यावर थांबला. द्रावण काचेसारखं नितळ राहिलं आणि हळूहळू घट्ट होत दुधी दगड झालं. शेजारी तुलनेसाठी दुसरी नळीही जमवली. तिच्यात औषध घातलंच नव्हतं. तिच्या प्लॅस्टिकला कुणाचीच ओळख असणार नव्हती.

दगड कुटून, चाळून, औषधाचा मागमूस राहणार नाही इतके धुऊन झाल्यावर दोन्ही भुकट्या काचेच्या दोन उभ्या नळ्यांत भरल्या. आत्मारामशेठ स्टूल ओढून समोर बसले. राहीने दोन्हींत तेच मिश्रण सोडलं आणि खाली येणारं पाणीदार द्रावण वेगवेगळ्या बाटल्यांत धरलं.

ओळख नसलेल्या नळीच्या बाटल्या तिने आधी तपासल्या. या औषधाचे उजवे कण प्रकाशाला उजवीकडे वळवत, डावे डावीकडे. तपासायच्या यंत्राच्या भिंगात पिवळ्या उजेडाचं दुभागलेलं वर्तुळ दिसे. दोन्ही भाग सारखे दिसेपर्यंत चकती फिरवायची. चकती पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत शून्यावरच राहिली; डावे-उजवे सारखेच मिसळलेले, एकमेकांचं वळण खोडणारे.

"म्हणजे पिंपं," शेठ म्हणाले.

"ही नळी काही न करण्यासाठीच आहे, शेठ. आता ही बघा. तुम्हीच बघा."

शेठनी चष्मा काढून डोळा लावला. साच्याच्या नळीची पहिली बाटली. "एक बाजू काळी आहे." "फिरवा." "कुठे?" "सारखी होईल तिकडे." त्यांनी चकती फिरवली. ती उजवीकडे गेली. राहीने नंतरच्या बाटल्यांतली एक आत सरकवली. शेठ आपणहून आणखी उजवीकडे फिरवू लागले, थबकले, आणि उलटे वळले. शून्य ओलांडून चकती डावीकडे गेली.

"अहो, ही फिरली!" ते ओरडले. "दमयंतीबाई, हे बघा! नाही, थांबा, मी पुन्हा बघतो."

"शेठ, आम्हालाही डोळे आहेत!" दमयंती म्हणाली.

राहीने खिडकीची चौकट धरली. आप्पांनी हे दोनदा समजावून घेतलं असतं, तिला वाटलं, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याला समजावून सांगितलं असतं. मग ती वळून म्हणाली, "आता साचा उजव्या कणाचा करते. मग हेच मिश्रण सोडलं तर डावे आधी बाहेर पडतील. पडले नाहीत, तर खोली खुशाल घ्या."

"खोलीचं नाव काढू नका," भिंगाला डोळा लावूनच शेठ म्हणाले. "पिंपांना पत्र्याची शेड बांधू. तुम्ही उजव्याचा साचा करा."

ते उठल्यावर राही स्टुलावर बसली. चकतीवरचा आकडा तिने मघाशीच वाचला होता, तरी तिने चकती शून्यावर आणून पुन्हा फिरवली. काळा अर्धा हळूहळू उजळत गेला आणि सगळं वर्तुळ पिवळं झालं.